पोटावर भोक नसलेली गिटार

माझी गिटार पोटभर पाणी पिऊन ओटीवर उताणी पडली होती आणि तिच्या शेजारी मिस्त्री उकिडवे बसून विडी ओढत होते. दोघांच्याही चेहऱ्यावर समाधान होतं. मी बाईक स्टँडवर लावायची विसरलो. ती आडवी झाली आणि तशीच राहिली.

"मिस्त्री! हे काय केलंत?"

"पाणी घातलं," ते म्हणाले. "दोन कळशा मावल्या. पोट मोठं आहे हिचं."

"पण कशाला?"

"चीर कुठे आहे ते कळायला नको? होडीत असंच भरतो. आतून भरायचं, बाहेरून बघायचं, ठिपकेल तिथे खूण करायची." खडूचा तुकडा नाचवत त्यांनी निकाल सांगितला, "सात ठिकाणी गळते तुझी."

आम्ही बोलत होतो तोवर आठवी जागा गळायला लागली. मग नववी. मग कोंबडी दचकून उडावी तसा आवाज झाला, गिटारची पाठ सुटली आणि दोन कळशांचा लोंढा ओटीवरून अंगणात गेला. तिथे मिस्त्रींच्या बायकोने, म्हणजे काकींनी, बोंबील वाळत घातले होते. ते बोंबील पुन्हा समुद्राच्या दिशेने निघाले. काकींनी घरातून जी काही वाक्यं उच्चारली ती इथे लिहिता येणार नाहीत. पण तारापूरच्या कारखान्यांत त्या दिवशी पाळी अर्धा तास आधी सुटली, कारण लोकांना वाटलं भोंगा झाला.

मी वाढवून सांगतो असा माझ्यावर आरोप आहे. खरं तर मी कमी करून सांगतो. पूर्ण सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही.

मी तेव्हा तलासरी तालुक्यात झरीच्या शाळेवर मास्तर होतो आणि राहायला डहाणूत. कविता चालीवर शिकवायला म्हणून गिटार घेतली होती. एका शनिवारी बाईकने दगा दिला, म्हणून अच्छाडच्या नाक्यावरून टमटम धरली. ड्रायव्हर गुजरातीत "बेसी जा, बेसी जा" करत माणसं कोंबत होता. चौदा माणसं, दोन बोकड आणि चिकूच्या पेट्या. पुढच्या नाक्यापर्यंत एक बोकड माझ्या मांडीवर आला आणि एक भरभक्कम बाई माझ्या गिटारवर. उतरताना त्या बाई मला म्हणाल्या, "बैठक बरी होती भाऊ, पण मधेच खचली."

डहाणूत मोबाइल, मिक्सर, चष्मा आणि लग्न हे सगळं जुळवून देणारी माणसं आहेत. गिटार जुळवणारा नाही. शेवटी कुणीतरी म्हणालं, चिंचणीला एक म्हातारे मिस्त्री आहेत, लाकडाची कुठलीही वस्तू ते नीट करतात. ते जन्मभर फक्त मासेमारीच्या होड्या बांधत आले होते, एवढंच सांगायचं राहून गेलं.

तर पाणी ओसरलं, काकी बोंबील गोळा करून आत गेल्या, आणि मिस्त्री सुटलेल्या फळ्यांकडे बघत बसले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. अर्धवट ऐकू येणारी माणसं नेहमी मोठ्याने बोलतात. चाळीस वर्षं ठोकाठोक करून त्यांचे कान गेले होते. त्यामुळे ते हळू बोलले की ऐकणाऱ्यालाच भीती वाटायची.

"डिंकाने जोडली होती," ते म्हणाले. "मला काय माहीत? कुठला शहाणा डिंकाने होडी जोडतो?"

"ती होडी नाही, मिस्त्री."

"चूक माझी. माझ्या हातात दिलेली वस्तू बुडाली, असं आजवर झालं नाही. मी तुला हिच्याहून चांगली बांधून देतो. नाही जमली तर पुन्हा वाकसाला हात लावणार नाही. काय समजलास?"

वाकस म्हणजे सुताराचं लाकूड तासायचं हत्यार. मिस्त्रींचं इतकं धारदार होतं की त्यावर बसलेली माशी उडताना दोन दिशांना जायची. मला वाटलं, बोलतात झालं. पण घरात भांडी थांबली. काकी दारात आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मास्तर, आता तू रोज देवाला नारळ बोल. हा माणूस शब्द फिरवत नाही."

त्यांच्या शेडमध्ये तेव्हा एक अर्धी होडी उभी होती. अर्धी म्हणजे फासळ्या लागलेल्या, फळ्या नाहीत. मालकाने मधेच फायबरची घेतली आणि ही तशीच राहिली. तीन वर्षं तिच्यात काकींच्या कोंबड्या राहत होत्या. मिस्त्री रोज सकाळी शेडमध्ये जायचे, हत्यारांना धार लावायचे आणि धार लावलेली हत्यारं पुन्हा जागेवर ठेवायचे. दुसरं काम नव्हतं. त्या वाकसाला हात लावायचा नाही म्हणजे सकाळी उठायचंच नाही, हे काकींना कळलं होतं. मला कळायला वेळ लागला.

मिस्त्रींना ठोकायची खोड होती. खिळे नव्हे, बोटांनी. कुठल्याही घरात शिरताना आधी चौकटीवर टकटक, मग आत. माणसाची ओळख करून दिली की ते त्याच्याकडे न बघता तो बसलाय त्या बाकाकडे बघायचे. एकदा एका सरकारी कचेरीत मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. साहेबांनी "बोला" म्हणायच्या आत यांनी साहेबांच्या टेबलावर दोन टिचक्या मारल्या आणि जाहीर केलं, "भुसा दाबून केलंय. पावसाळ्यात फुगेल."

साहेब म्हणाले, "काका, तुमचं काम काय ते सांगा."

"काम नंतर. डबा खणात ठेवू नका."

जुलैमध्ये ते टेबल फुगलं, खण अडकला, आणि आत साहेबांचा डबा चार दिवस राहिला. कचेरीत नाकाला रुमाल लावून काम चाललं. मिस्त्रींना मुद्दाम बोलावून आणलं तेव्हा कुठे खण उघडला. त्यांनी तेव्हा फक्त एवढंच म्हटलं, "पाणी सांगतं." हे त्यांचं आवडतं बोलणं. माणूस खरा की खोटा, सांधा पक्का की कच्चा, सून कशी निघेल, सगळ्याचं उत्तर तेच.

प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ते बसायचे नाहीत. लग्नात तीन तास उभे राहायचे. वरबाप विनवण्या करून दमायचा. "बसा की मिस्त्री!" "बसतो, खुर्ची आणा." प्लॅस्टिकची खुर्ची पुढेच असायची.

गिटारचे सुटलेले भाग त्यांनी चटईवर मांडले आणि महिनाभर नुसते बघितले. मी दर रविवारी जायचो. त्यांना वस्तूची जात कळल्याशिवाय हात लावता यायचा नाही, म्हणून मी मोबाइलवर वाचून त्यांच्या कानाशी ओरडून सांगायचो.

"या घाटाला ड्रेडनॉट म्हणतात. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी इंग्रजांनी एक प्रचंड लढाऊ जहाज बांधलं, त्याचं नाव. म्हणजे कशालाच न भिणारं. नंतर अमेरिकेत ही मोठ्या पोटाची गिटार निघाली, तिलाही तेच नाव दिलं."

मिस्त्रींच्या हातातली विडी विझली. "जहाजाचं नाव? हिला?"

"हो."

"आणि तू मला सांगत होतास, ही होडी नाही."

मी मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि पुढचं वाचायला लागलो.

त्याआधीच्या गिटारी लहान असत, कमरेत बारीक, बैठकीत मांडीवर घेऊन हलक्या हाताने वाजवायच्या. ही रुंद कमरेची, चौकोनी खांद्याची, कारण माइक यायच्या आधी चार माणसं तोंड उघडून गायली तर त्यात वाद्याचा आवाज बुडायचा. सुरुवातीला लोक हिला हसले. विकली जाईना. मग वाजवणाऱ्यांना वरचे सूर हवे झाले, म्हणून मान पोटापासून आणखी मोकळी केली, खांदे आखूड केले, आणि मग मात्र गाणाऱ्याच्या गळ्यात हीच दिसायला लागली. आज दुकानात भिंतीवर दहा गिटारी टांगल्या असतील तर त्यातल्या निम्म्या याच घाटाच्या. हे सगळं मी सांगितल्यावर मिस्त्री म्हणाले, "होडीला पहिलं इंजिन बसवलं तेव्हाही हसले होते. माझा बापसुद्धा हसला होता."

सगळ्यात रंगले ते एका भांडणावर. ज्या घराण्याने हा घाट काढला त्याचा मूळपुरुष जर्मनीतला, सुतारांच्या घरचा. तिथे व्हायोलिन करणाऱ्यांची संघटना होती, तिने सरकारात तक्रार केली की हे लाकूडकाम करणारे लोक, यांनी कपाटं करावीत, गिटार करायचा यांना काय हक्क?

मिस्त्री ताडकन उभे राहिले. "कोण म्हणालं?"

"व्हायोलिनवाले."

"नाव सांग."

"मिस्त्री, दोनशे वर्षं होत आली. मेले ते."

"मेले ना?" ते परत बसले. "बघ. आणि गिटार आहे."

आतली रचना बघून तर त्यांनी हातच जोडले. पुढच्या पातळ फळीला आतून दोन काठ्या फुलीसारख्या आडव्या लावलेल्या असतात. पोलादी तारा एका धडधाकट माणसाच्या वजनाएवढ्या जोराने फळी ओढतात आणि ती फुली तिला धरून ठेवते. पण फुली जाड केली तर फळी हलत नाही आणि आवाज मरतो. बारीक केली तर फळी फाटते. मान पोटाला जोडली होती ती माशाच्या शेपटीसारखा खाचेत अडकणारा सांधा करून. एकही खिळा नाही. "कोण होता तो माणूस," मिस्त्री म्हणाले, "त्याला एकदा बंदरावर आणायला पाहिजे होता."

जुनी मान धड होती, ती ठेवायची ठरली. बाजू आणि पाठ होडीच्या उरलेल्या सागातून काढली. बाजूच्या पट्ट्या ओल्या करून गरम नळीवर वाकवतात, असं मी वाचून दाखवलं. नळी नव्हती. मिस्त्रींची नजर माझ्या बाईकच्या सायलेन्सरवर गेली. मी दोन तास बाईकवर बसून जागच्या जागी रेस देत होतो आणि मिस्त्री मागे सागाच्या पट्ट्या वाकवत होते. धूर इतका झाला की लोकांना वाटलं मास्तर पेटला. पट्ट्या मात्र अशा वाकल्या की पिठाच्या पोळीने लाजावं.

प्रश्न होता पुढच्या फळीचा. साग जड, तिथे हलकं, वाळलेलं, बोलकं लाकूड लागतं. मला झरीचे एक आजोबा आठवले. ते तारपा करायचे, म्हणजे आमच्याकडचा दुधी भोपळ्याचा फुंकून वाजवायचा बाजा. त्यांच्या घरात चुलीवरच्या माळ्यावर शिवणीच्या झाडाची एक फळी वर्षानुवर्षं धुरात पडली होती.

दोन म्हातारे एकमेकांशी बोललेच नाहीत. एकाने फळी खाली काढली, दुसऱ्याने टिचकी मारून कंप कळावा म्हणून तिला कपाळ लावलं. मग पहिल्याने टिचकी मारली. असं तासभर. मी मधे बसून चहाचे तीन कप संपवले. शेवटी आजोबा म्हणाले, "ने. पण एकच हाय. फाटली तं दुसरी नाय."

मिस्त्रींनी मान हलवली.

"आन् भोक कुठं पाडशील?" आजोबांनी विचारलं.

मिस्त्री असे बघायला लागले, जसं कुणी भर मांडवात नवरीच्या अंगावर चिखल टाकायची गोष्ट काढली असावी. परतीच्या वाटेवर बाईकवर मागे बसून ते सारखं तेच म्हणत होते, "भोक म्हणे. भोक!"

आणि इथे गाडी अडली. सगळी गिटार झाली; फुली बसली, पाठ बसली, पण पुढच्या फळीत मधोमध जो गोल कापतात तो मिस्त्रींच्या हातून होईना. जन्मभर ज्या माणसाने भोकं बुजवली, फटीत कापूस आणि राळ ठोकून ठोकून कान घालवले, त्याला कुणी सांगितलं की आता बांधलेल्या पोटाला स्वतःच्या हाताने वीतभर भोक पाड, तर तो काय करील? ते रोज भोक पाडायचं गिरमिट घ्यायचे, फळीवर टेकवायचे आणि परत धार लावायला बसायचे.

"मिस्त्री, आत हवा कोंडली तर आवाज कुठून येणार?"

"कळतं मला. हाताला कळत नाही."

दोन महिने गेले. काकी जेवायला वाढताना हळूच म्हणाल्या, "रात्रंदिवस तेच चाललंय. वाकस कापडात गुंडाळून ठेवलंय यांनी." मी म्हणालो, नको मला गिटार, मी त्यांना सांगतो. काकी म्हणाल्या, "सांगून बघ. वाकसाबरोबर तुलाही गुंडाळतील."

पुढच्या रविवारी गेलो तर मिस्त्री दारातच उभे. "पाण्याच्या रेषेच्या वर!" ते ओरडले. किनाऱ्यावरचे कावळे उडाले.

"काय?"

"होडीला भोकं नसतात का? असतात की. दोर ओवायला असतात, पाणी बाहेर जायला असतात. पण पाण्याच्या रेषेच्या वर! पोटाला नाही!"

त्यांनी गिटार समोर धरली. पुढची फळी अखंड, कोरी, शिवणीचा फिकट पिवळा रंग चमकत होता. आणि भोक पाडलं होतं बाजूच्या पट्टीत, वरच्या खांद्यापाशी, गिटार मांडीवर घेतली की वाजवणाऱ्याच्या हनुवटीखाली येईल असं. लांबट, कडा घासून घासून शंखासारख्या केलेल्या. मी जन्मात अशी गिटार पाहिली नव्हती. तो जर्मनीतला सुतारही चक्रावला असता.

तारा चढवल्या. काकी हात पुसत येऊन उभ्या राहिल्या. मिस्त्री माझ्यासमोर दहा हातांवर जमिनीवर बसले, दोन्ही तळवे कानांमागे धरून. मी पहिला हात मारला.

आता मी वाढवून सांगत नाही. त्या भोकातून आवाज सरळ माझ्या तोंडावर आला. भरतीच्या वेळी धक्क्याखालून पाणी येतं तसा, खालून, जाड, थांबायचं नाव नाही. माझ्या जुन्या गिटारने असा आवाज स्वप्नातही काढला नसता.

मी वर बघितलं तर मिस्त्रींचा चेहरा पडलेला.

"वाजव ना," ते म्हणाले.

"वाजवतोय, मिस्त्री!"

"जोरात."

मी जोरात वाजवलं. काकी म्हणाल्या, "येतोय की आवाज, थोडा दबका येतोय." त्या खरं बोलल्या. समोर बसणाऱ्याला ती गिटार बंद दाराआडून बोलल्यासारखी ऐकू येत होती, आणि मिस्त्रींच्या कानांना तेवढंही नाही. त्यांनी कानांमागचे तळवे खाली घेतले. मग उठले. कोपऱ्यातून गिरमिट घेतलं, गिटार माझ्या हातातून काढून घेतली, पाटावर ठेवली आणि बरोबर मधोमध, त्या अखंड फळीवर, टोक टेकवलं.

"मिस्त्री, काय करताय?"

"शब्द दिलाय तुला. मुकी देऊ?"

टोक जागा धरेना, एकदा डावीकडे सरकलं, एकदा उजवीकडे. होड्यांच्या इतक्या फळ्यांत असं कधी झालं नव्हतं. तिरकं गेलं असतं तर फळी उभी फाटली असती, आणि झरीच्या आजोबांनी सांगितलंच होतं, दुसरी नाही. मी त्यांचं मनगट धरलं. मास्तर माणूस, खडूखेरीज काही उचललेलं नाही, पण त्या दिवशी मी त्या म्हाताऱ्याला अक्षरशः ओढून माझ्या जागेवर बसवलं, गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली, त्यांचं डोकं धरून डावा कान त्या भोकाशी नेला आणि त्यांच्याच अंगठ्याने वरची जाड तार खाली ओढून सोडली.

मिस्त्री हलले नाहीत. तार वाजायची थांबली तरी हलले नाहीत. मग त्यांनी स्वतः अंगठा उचलला आणि तीच तार पुन्हा छेडली. मग पुन्हा.

काकींनी हाक मारली, "अहो, जेवायला." त्यांनी ऐकलं नाही. हे नेहमीचंच. पण काकींनी दुसऱ्यांदा हाक मारली नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या आणि पदर डोळ्यांना लावून मला म्हणाल्या, "धूर आहे रे चुलीचा." घरात गॅस होता.

बऱ्याच वेळाने मिस्त्रींनी डोकं वर काढलं. "मास्तर, आज नेऊ नको. पॉलिश ओलं आहे. पुढच्या रविवारी ये."

पुढच्या रविवारी गेलो. गिटार त्यांच्या मांडीवर. "अजून ओली आहे रे. समुद्राची हवा. लवकर वाळत नाही." त्याच्या पुढच्या रविवारीही ओली. मी बोट लावून बघितलं नाही, असा आरोप माझ्यावर कुणी करू नये. पावसाळा आला तेव्हा तर बोलायलाच नको. काकी गंभीर चेहऱ्याने साक्ष द्यायच्या, "ओली आहे, कालच माझ्या लुगड्याला लागली." वर्ष गेलं, दुसरं गेलं. मी झरीच्या शाळेसाठी दुसरी गिटार घेतली आणि चिंचणीला जाताना ती डहाणूतच ठेवायला लागलो. दर रविवारी मी विचारायचो, "वाळली का हो?" आणि मिस्त्री भोकाजवळचं डोकं जरा उचलून सांगायचे, "थोडी राहिलीय." मग मीही थोडा वेळ बसायचो. शेडमध्ये त्या अर्ध्या होडीतल्या कोंबड्या त्यांनी हाकलल्या होत्या आणि पुढच्या गिटारीसाठी लाकूड वाळत घातलं होतं.

मिस्त्रींची ती दुसरी गिटार पुरी झाली नाही. एका रविवारी मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं होती. तेरावं झाल्यावर काकींनी मला आत बोलावलं आणि जुन्या चादरीत गुंडाळलेली गिटार माझ्या हातात दिली.

"शेवटच्या दिवशी सांगून गेलेत," त्या म्हणाल्या. "मास्तरला म्हणावं, ने आता. पण जपून धर, अजून जराशी ओली आहे."